मनकर्णाबाईच्या टोळीचा प्रचारप्रमुख

आंबागड
२१ जुलै २०२४

शोभाताई,

पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. घरचे सगळे ठणठणीत आहेत. आई तर जरा जास्तच, कारण मी पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडून आल्यापासून तिले बोलायले विषय मिळाला आहे. "याच्यापरीस गोऱ्हा पोसला असता त पोळ्याले मिरवता तरी आला असता," असं ती माझ्या ताटात वाढता वाढता म्हणते.

पत्र काहून, तर माझा फोन बोडीत आहे. आपल्या वावराच्या वरचं ते लहान तळं, तिथं. पडला नाही, मी फेकला. एका व्यक्तीले मी दोन दिवस खपून तीन स्क्रीन भरतील एवढा मेसेज लिहिला. जिवातलं होतं नव्हतं ते सगळं. उत्तरात त्या व्यक्तीनं एक अंगठा पाठवला. पिवळा अंगठा! सरपंचाच्या वाढदिवसालेही माणूस यापरीस जास्त लिहिते. माझं डोकं सरकलं, हात सुटला, बुडुक! तसंही तुझा व्हॉट्सअॅप भाऊजी तुझ्याआधी वाचतात, तेव्हा पत्रच बरं.

आता मुद्दा. त्या व्यक्तीच्या बापानं जाहीर केलं आहे की दिवाळीच्या आत पोरीचं लग्न जमवीन. म्हणजे माझ्याजवळ दिवाळीपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात मले गावात काहीतरी होऊन दाखवायचं आहे. मी मनकर्णाबाईच्या टोळीचा प्रचारप्रमुख झालो. कोणी केलं विचारू नको, मीच झालो. सोळा बाया, गावभरची धानाची रोवणी करतात अन् करता करता असं गातात की वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून जाणारा माणूस पाय उचलायचा विसरते. ती व्यक्तीही त्याच टोळीत आहे. एवढं गाणं चिखलातच राहून जाते, हे मले पाहवत नाही.

पहिली सभा समाजमंदिरात घेतली. मी नाव सुचवलं, 'सूरसरिता महिला कलामंच'. मनकर्णाबाई म्हणे, "सरिता कोणाची पोरगी?" मंग सोळाही जणींले एका रांगेत उभं केलं अन् म्हटलं, गा. एकीच्या तोंडून शब्द निघेना. मघाशी बांधीतल्या चिखलात गळे फाडून राहिल्या होत्या, इथं शाळेच्या फोटोसारख्या उभ्या. मंग टोळीतल्या चंद्रकांताचा फोन घेऊन बांधीतच व्हिडिओ काढला. आवाज काय आला म्हणशील! पण पाहतो तर सोळा पाठी. गाणारीचं तोंड चिखलाकडं, कॅमेऱ्याकडं एकीचंही नाही. पाठीची पब्लिसिटी कशी करतात, सांग.

अन् एक खासगी. तुले माहीतच आहे, धुऱ्यावर जो दिसेल त्याचं नाव गाण्यात घालून त्याले टोमणा मारतात, अन् मंग त्यानं बांधीत उतरून पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, एक पेंडी लावायची, नाहीतर चहा पाजायचा. ती व्यक्ती तलाठ्याचं नाव घेते. शेळ्यावाल्या नत्थूचं घेते. मी रोज तासभर छत्री न घेता धुऱ्यावर उभा राहतो, माझं एकदाही घेत नाही. काहून? लग्नाआधी तू चार वर्षं त्याच टोळीत होती. तुले माहीत असंल.

उत्तराची वाट पाहतो, अन् वाट पाहणं मले जमत नाही हे तुले ठाऊक आहे.

धनंजय


जवाहरनगर
२९ जुलै २०२४

धनू गाढवा,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक अकलेसाठी.

पोस्टमनने क्वार्टरच्या दारात पत्र दिलं तर सासूबाईंना वाटलं कोर्टाची नोटीस आली. त्या हात जोडूनच बाहेर आल्या. तुझं अक्षर पाहिलं तर नोटीस परवडली असती.

अंगठा आला म्हणजे तिने वाचलं. न वाचता अंगठा येत नाही. तीन स्क्रीन वाचून जिने फक्त अंगठा पाठवला ती मुलगी शहाणी आहे, तू तिच्या लायकीचा आहेस का ते आधी पाहा.

आणि बायांना उभं करून गायला लावणारा तू पहिलाच. अरे, रोवणीचं गाणं तोंडात नसतं, हातात असतं. पेंडी सुटली की शब्द सुटतो. मी इथे लग्नानंतर महिला मंडळात एकदा उभी राहून म्हणायला गेले तर दुसऱ्या ओळीवर अडले. शेवटी कणीक मळत म्हटलं तेव्हा पूर्ण झालं. पाठी दिसतात तर पाठीच दाखव. तुमच्या पिक्चरवाल्या चेहऱ्यांपेक्षा बऱ्या.

तुझं नाव ती का घेत नाही, ते मला माहीत आहे. पण आत्ताच सांगत नाही, तू हवेत जाशील आणि परत एखाद्या तळ्यात काहीतरी फेकशील. आधी पोरीचं नाव कळव, मग सांगते.

इकडे माझ्या मागे वेगळंच लचांड आहे. माझा दीर संजीव फॅक्टरीत कायम झाला. सेंट्रल गव्हर्मेंटची नोकरी म्हटल्यावर स्थळांची रांग लागली, पण सासूबाईंना गावाकडची, कष्टाची आणि शिकलेली अशी तिन्ही एकात हवी. मध्यस्थाने आपल्याच भागातली एक सुचवली आहे, फोटो यायचा आहे. मुलगा खरंच सोन्यासारखा आहे, रोज सायकल पुसून मगच कामावर जातो.

काकूंना सांग, गोऱ्ह्यालाही चारा लागतो.

तुझी शोभाताई


आंबागड
८ ऑगस्ट २०२४

ताई,

तू पाठी दाखव म्हटलं अन् माझं नशीब पालटलं. पण ते नंतर. आधी नाव, कारण नावावर तुझं उत्तर अडलं आहे. तृप्ती. हे एवढंच लिहायले मले अर्धा तास लागला. मनकर्णाबाईची नात. तुमसरले बीएच्या दुसऱ्या वर्षाले आहे अन् रोवणीच्या दिवसात आजीच्या टोळीत उतरते. तिचा आवाज वर गेला की बगळे उडतात. हे मी प्रेमानं नाही लिहून राहिलो, खरंच उडतात, पाहायले ये.

आता प्रचार. तुमसरचा बियाणाचा दुकानदार टिकाराम शेठ आपल्या गावात पीक पाहायले आला. मी त्याले पटवलं, "शेठ, टोळीचा फ्लेक्स तुम्ही लावून द्या, टोळी तुमचं नाव गाण्यात घेईल, गावोगाव जाहिरात होईल." त्याले वाटलं आरती होईल. नवा पांढरा शर्ट घालून धुऱ्यावर येऊन उभा राहिला. मनकर्णाबाईनं मान वर न करता सुरू केलं:

थैलीवरच्या फोटोमंदी लोंबी कशी डुले गं,
वावरात पाहाले गेलं त बगळा नुसता झुले गं,
टिकाराम शेठ, बगळा नुसता झुले गं!

मी चंद्रकांताचा फोन धरून होतो. शेठ लाल झाला, मंग पिवळा झाला, मंग काय वाटलं कोण जाणे, पॅन्ट वर करून उतरला अन् एक पेंडी लावली. तिरपी लावली. बाया हसल्या, तोही हसला. हा व्हिडिओ चंद्रकांताच्या भावानं टाकला अन् चार दिवसांत जिल्हाभर गेला. त्यात दिसते काय? सोळा पाठी अन् एक शेठ. तो म्हणते दुकानात पाय ठेवायले जागा नाही, लोकं बियाणं पाहायले नाही, त्याले पाहायले येतात.

अन् आता ऐक. लोकं स्वतःहून येऊन राहिले! ग्रामसेवक म्हणते माझ्यावर घ्या. पतसंस्थेचा मॅनेजर म्हणते माझ्यावर घ्या, पण बायकोचं नाव येऊ देऊ नका. मी घोषवाक्य काढलं, 'नाव द्या, टोमणा घ्या.' फ्लेक्सवर कलामंच वगैरे कटाप, सरळ 'मनकर्णाबाईची टोळी' छापलं. छापणारा म्हणे, "भाऊ, पोलीस येतील." मी म्हटलं येऊ दे, त्यांचंही नाव घालू.

टोळीले आता बाहेर न्यायचं आहे. दिवाळीच्या आत मोठा कार्यक्रम झाला की मी तृप्तीच्या घरी ताठ मानेनं जाईन.

आता सांग कारण. नाव सांगितलं मी.

धनंजय


जवाहरनगर
१६ ऑगस्ट २०२४

चि. धनंजय,

पत्र मिळालं. व्हिडिओ इथेही आला होता, क्वार्टरमधल्या बायांनी चार चार वेळा पाहिला.

संजीवसाठी सांगितलेल्या मुलीचा फोटो आला. मुलगी चांगली आहे. सासूबाईंनी देवापुढे ठेवला आहे. याहून जास्त सध्या लिहीत नाही.

तुझी तृप्ती म्हणजे आपल्या भय्याजींचीच मुलगी ना? एवढं मात्र नक्की कळव. तिची उंची किती असेल? स्वयंपाकाचं कसं आहे? सहज विचारते.

नाव न घेण्याचं कारण तू विचारलंस. आता इतकी वर्षं झाली, मला नीट आठवत नाही. काही नसेलच. तू उगाच मनावर घेऊ नकोस.

आमच्या वसाहतीच्या गणपतीत १५ सप्टेंबरला, रविवारी संध्याकाळी हॉल मोकळा आहे. मी मंडळाला विचारलं, ते टोळीला बोलवायला तयार आहेत. आण सगळ्यांना. तृप्तीला नक्की आण.

शोभा


आंबागड
२५ ऑगस्ट २०२४

ताई, ताई, ताई!

तुझे पाय कुठं आहेत? जवाहरनगरचा हॉल! मी पत्र घेऊन सरळ मनकर्णाबाईच्या ओट्यावर गेलो. भय्याजी तिथंच बसून होते. हो, तृप्ती त्याहीचीच पोरगी, दुसरी तृप्ती आहे कुठं या तालुक्यात. भय्याजीनं पत्राचं ऐकून पहिल्यांदा माझ्याकडं माणसासारखं पाहिलं. म्हणाले, "जवाहरनगर? बराबर. जायलेच पाहिजे." बघ! ज्या माणसानं मले कधी पाणी विचारलं नाही तो म्हणते, मीही येतो सोबत. प्रचाराची ताकद.

तृप्तीची उंची पाच फूट तीन इंच. माइक त्या हिशेबानं लावून ठेव, पण वाकून गायचं आहे तेव्हा खालीच लाव. अन् स्वयंपाकाचं तू विचारलं, म्हणजे सोळा बायांच्या जेवणाची चिंता पडली तुले. टेन्शन घेऊ नको, बाया डबे आणतील. तृप्तीच्या हातची वांग्याची भाजी तुझ्यासाठी वेगळी आणतो, सासूबाईलेही चाखव.

स्टेजचं पूर्ण प्लॅनिंग मी केलं आहे. रोवणी करताना बाई मागं मागं सरकते, हे तू जाणतेच. स्टेजवर तसंच केलं तर चौथ्या कडव्यात सोळाही जणी गणपतीच्या मखरात जातील. म्हणून मी समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं रेघा मारल्या: एका कडव्याले एकच पाऊल, सात पावलांनंतर पडद्याच्या दोन हात आधी थांबून परत पुढं यायचं. हातात पऱ्हे नसले तर शब्द येत नाहीत, म्हणून गवताच्या पेंड्या. चंद्रकांता रेघ पाहता पाहता गाणं विसरते, बाकी जमून राहिलं.

तिकडं टोळीच्या ओळखीचं कोणी नाही, तेव्हा चिठ्ठ्या. प्रत्येकानं आपलं नाव अन् एक खोड लिहून डब्यात टाकायची. मी नंबर टाकून यादी करीन, तृप्ती वाचून आजीच्या कानात सांगेल. नाव दिलं की टोमणा मिळाला पाहिजे, यात मी कोणाचं ऐकणार नाही. धंद्याचा शब्द म्हणजे शब्द. सुरुवात तुझ्या घरापासून: भाऊजीची चिठ्ठी मीच लिहिली, अन् तुझ्या दिराचीही, मान म्हणून.

पोस्टर सोबत जोडलं आहे. 'पाठी पाहा, टोमणे खा' ही ओळ माझी.

तुझा प्रचारप्रमुख


जवाहरनगर
४ सप्टेंबर २०२४

धनंजय,

पोस्टर मिळालं. 'पाठी पाहा' ही ओळ कापून मी ते लावलं, इथे मोठी माणसं असतात.

तृप्तीला पहिल्या ओळीत, मधोमध ठेव. सासूबाईंना दूरचं दिसत नाही. शक्यतो सुरुवातीला तिला थोडं उभं राहून बोलू दे, नाव-गाव-शिक्षण असं काहीतरी. गजरा मी देईन.

संजीवची चिठ्ठी काढून टाक. त्याला ते आवडत नाही.

शोभा


आंबागड
१७ सप्टेंबर २०२४

शोभा,

ताई लिहायची इच्छा नाही.

तुझं शेवटचं पत्र मले मिळालं नव्हतं. ते आज मिळालं, सगळं झाल्यावर. म्हणून सगळं मीच सांगतो, कारण तुझ्या खुर्चीवरून तुले माझं तोंड दिसलं नसंल.

हॉल भरला. पोरं खिडकीत. मी कोपऱ्यात यादी घेऊन. भाऊजीवर मनकर्णाबाईनं घेतलं,

बस आली फॅक्टरीची, हॉर्न वाजे दारी गं,
जावईबापू ऐन्यापुढं मिशीच कोरी कोरी गं!

अन् हॉल असा उसळला की मले वाटलं, धनंजय, तू जन्मले कामासाठी आला. भाऊजी स्टेजवर येऊन गवताची पेंडी लावून गेले. दहा नंबर झाले. मंग म्हातारीनं बारावा घेतला. अकरावा सोडून! मी हातानं खुणावलं, अकरा, अकरा. म्हातारी माझ्याकडं पाहीना. तृप्तीनं चिठ्ठी पाहिली, आजीले विचारलं, आजीनं मान हलवली, "ते सोड." मले वाटलं, झालं, आता लोकं म्हणतील या टोळीत वशिला चालते. माझं डोकं तुले माहीत आहे. मी स्टेजवर गेलो, माइक उचलला अन् ओरडलो, "अकरा नंबर राहिला! संजीवभाऊ, उभे राहा! तृप्ती, घे संजीवभाऊचं नाव!"

तुझा दीर उभा राहिला. कानापर्यंत लाल. अन् पहिल्या रांगेतली ती हिरव्या शालूची बाई मोठ्यानं म्हणे, "अगोबाई, पाहायला आलेल्या नवरदेवाचं नाव पोरगी टोमण्यात कसं घेईल!" दोनशे माणूस हसलं. तुझी सासू पदरात हसली. भय्याजी खाली मान घालून हसले. म्हणजे सगळ्यांले माहीत होतं. हॉलले माहीत होतं! माहीत नव्हतं फक्त दोघांले, तिले अन् मले.

तृप्ती वाकलेली होती. ती सरळ झाली. आजीकडं पाहिलं, बापाकडं, तुझ्याकडं, अन् मंग माझ्याकडं. माझ्या हातात माइक होता. तिले वाटलं हे सगळं मीच जुळवलं. पेंडी खाली ठेवली, पायऱ्या उतरली अन् टोळीले घेऊन आलेल्या गुलाबच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. काल मी तिच्या दारी गेलो, तर चंद्रकांतामार्फत निरोप: "त्या दलालाले सांग, धुऱ्यावरही उभा राहू नको."

दलाल! मी माझ्याच हातानं, माझ्याच पोस्टरवर, माझ्याच पोरीले तुझ्या घरच्यांपुढं नेऊन मांडलं. उंची मी सांगितली. वांग्याची भाजी मी पोचवली. तुले खाताना घास कसा गेला?

मले फोन पाहिजे होता. नुसता फेकायले.

धनंजय


जवाहरनगर
२४ सप्टेंबर २०२४

धनू,

तू मला ताई म्हणू नकोस, पण हे पत्र फाडण्याआधी वाच.

घास नीट गेला नाही. भाजी मात्र फार चांगली होती, ते खोटं बोलणार नाही.

तुझं ८ ऑगस्टचं पत्र आणि त्या मुलीचा फोटो एकाच दिवशी आले. एका हातात पत्र, एका हातात फोटो, दोन्हीकडे एकच पोरगी. तासभर बाथरूममध्ये नळ सोडून बसले. मग मी हिशेब केला तो असा: एकीकडे कायम नोकरीचा दीर, दुसरीकडे फोन तळ्यात फेकणारा भाऊ. मुलीच्या जागी मी असते तर? मी स्वतःला सांगितलं की मी तिचं भलं करते आहे. त्यात माझंही भलं होतंच, गावची सोबत मिळाली असती, दहा वर्षं मी या क्वार्टरमध्ये आपल्या बोलीत भांडायलाही माणूस शोधते आहे. पण तुझ्याकडून मी उंची काढून घेतली, हे मात्र नीचपणाचं झालं. त्याला दुसरा शब्द नाही.

आता ऐक. मनकर्णाबाईने अकरावा का सोडला? टोळीची रीत आहे: जिच्या मनात जो, किंवा जिचं जिथे ठरतं आहे, त्याचं नाव टोमण्यात घ्यायचं नाही. टोमणा लागला तर जुळणारं मोडतं, म्हणतात. मी तुझ्या पहिल्या पत्रावरच ओळखलं होतं. जुलैभर त्या पोरीने तलाठी सोडला नाही, शेळ्यावाला सोडला नाही. तुला सोडलं. पुढचं मी सांगत नाही, काहीतरी तुझं तू कर.

संजीवचं सांगते. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, मुलगी जरा तापट दिसते पण चालेल. संजीव म्हणाला, "जी स्टेज सोडून गाडीत जाऊन बसली तिला हे नको आहे, मला तिथेच कळलं, तुम्हा सगळ्यांना कसं कळलं नाही?" आणि सायकल पुसायला गेला. तेव्हा मला माझी लाज वाटली आणि त्याचा अभिमान वाटला. मध्यस्थाला त्याने स्वतः नकार कळवला.

तृप्तीला मी वेगळं पत्र घातलं आहे. तुला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे त्यात शपथेवर लिहिलं आहे. इतका मूर्ख माणूस दलाल असू शकत नाही, असंही लिहिलं. तेवढं तिला पटेल.

शोभा


आंबागड
२० ऑक्टोबर २०२४

ताई,

ताई परत लिहिलं, लक्षात घे. माफ पूर्ण केलं नाही, अर्धं केलं.

तुझं पत्र वाचलं अन् मी अनवाणी धावलो. तृप्ती कॉलेजच्या बसमधून उतरून राहिली होती. मी म्हटलं, "तू माझं नाव कधीच घेतलं नाही!"

"मंग?"

"मंग म्हणजे समजलं मले. शोभाताईनं सांगितलं. रीत."

ती अशी हसली की कंडक्टरनं वाकून पाहिलं. "ती रीत आजीच्या जमान्यातली. तुझं नाव घेतलं नाही काहून का तुझ्यावर कडवंच बसेना. शेठ बियाणं विकते. तलाठी झोपते. नत्थू शेळ्या हरवते. तू काय करतं? उभा राहतं! खांबावर कोणी गाणं करते का?"

घे तुझी रीत परत.

मी म्हटलं, "म्हणजे नाहीच." खरं सांगतो, आवाज चढवला नाही. चढायले आवाज उरलाच नव्हता.

"नाही म्हटलं का मी?" ती म्हणे. "ताईचं पत्र वाचलं म्हणून तुझ्याशी बोलून तरी राहिले. दोनशे लोकांत माइक धरून बोलतं न? माझ्या बाबासमोर बिनमाइकचं बोलून दाखव. मले काय पाहिजे ते मी तिथंच सांगीन."

चार दिवस हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी गेलो. भय्याजी ओट्यावर विळ्याले धार लावून राहिले होते. बस म्हटलं नाही. मी म्हटलं, "मले तृप्तीबद्दल बोलायचं आहे," अन् पुढचं सगळं विसरलो. घोषवाक्य एकही आठवलं नाही. त्याहीले मात्र सगळं आठवत होतं. "कॉलेज बुडवलं, फोन बुडवला, पोरीचं सोन्यासारखं स्थळ दोनशे माणसांत बुडवलं. अजून काय बुडवायचं राहिलं?"

ताई, एरवी मी पेटलो असतो. मी म्हटलं, "सध्या काही नाही."

भय्याजीनं धार लावायची थांबवली. "तब्येत बरी आहे न तुझी?"

तेवढ्यात तृप्ती बाहेर आली. दारात उभी राहून, हातात काही नसताना, एकही शब्द न अडता बोलली: "बाबा, बीए होईस्तोवर मले कोणी पाहायले येणार नाही. जवाहरनगरचा नाही अन् आंबागडचाही नाही. त्याच्यानंतर कोण पाहिजे ते मी सांगीन, तुमी ऐकान."

आतून मनकर्णाबाईचा आवाज, "अन् मीही ऐकीन."

"अन् हा?" भय्याजीनं विळा माझ्याकडं केला.

"हा येईल त कामानं येईल."

म्हणजे दिवाळीचं लग्न गेलं. माझंही अन् सगळ्यांचंच. उरले पावणेदोन वर्षं, अन् त्याच्या शेवटी काय आहे ते फक्त तिले माहीत. मी विचारलं नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं असंल.

भय्याजीनं माझ्या हाताकडं पाहिलं. पॉलिटेक्निकचे हात, त्यावर पेनची शाईही नाही. मंग म्हणाले, "हलका धान आधी पिकते, तो कापणीले आला. भारे वाहशील?"

"वाहीन."

"सहाले ये."

आज पहिला दिवस होता. टोळी कापत होती, भय्याजी भारे बांधत होते. इतर माणसांच्या डोक्यावर ठेवले त्याच्या दीडपट भारा माझ्या डोक्यावर ठेवला. माझे गुडघे वाजले, ताई, खरोखर वाजले. खळ्यापर्यंत तीन बांध्या ओलांडायच्या, धुरा हातभर रुंद, लोंब्या कानात जातात अन् घाम डोळ्यात. मागून बाया काहीतरी म्हणत होत्या. तृप्ती हसली का गप्प होती ते मले माहीत नाही, कारण भाऱ्याखाली मान वळत नाही.

एकोणीस भारे पोचवले. विसावा पडला, तो परत उचलला.

मान अजून वळून राहिली नाही, म्हणून अक्षर वाकडं आलं. उद्या सहाले परत जातो.

धनंजय